'डिड' लावला तर भांडण वाटतं, नाही लावला तर कुणी ऐकत नाही

पत्र असं आहे:

"ताई, मी नाशिकला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, व्हेंडरच्या पेमेंटचं सगळं माझ्याकडे असतं. परवा एका व्हेंडरचा मेल आला की पेमेंटचे डिटेल्स मिळालेच नाहीत. मी आदल्या आठवड्यातच पाठवले होते, म्हणून मी लिहिलं 'वी डिड सेंट द डिटेल्स लास्ट वीक'. साहेब सीसीमध्ये होते. ते म्हणाले, एक तर ग्रामर चुकलंय आणि वर भांडल्यासारखं वाटतंय. घरी मिस्टर म्हणतात की डू, डझ, डिड फक्त प्रश्नात आणि नकारात येतात, साध्या वाक्यात येतच नाहीत. पण माझी ज्युनिअर कॉन्व्हेंटची आहे, ती दिवसभर फोनवर 'वी डू अंडरस्टँड, वी डू चेक, वी डू प्रोसेस' करत असते आणि तिला कुणी काही म्हणत नाही. मग खरं काय? – गोंधळलेली अकाउंटवाली"

अकाउंटवाल्या ताई,

आधी निकाल सांगून टाकते. ग्रामरचं साहेबांचं बरोबर आहे, मिस्टरांचं चूक आहे, ज्युनिअर अर्धी बरोबर आहे. भांडल्यासारखं वाटतं का हे मात्र व्हेंडरने आधी काय लिहिलं होतं त्यावर ठरतं, आणि तुमच्या बाबतीत 'डिड' लावायला तुम्हाला पूर्ण कारण होतं.

ग्रामरची चूक छोटीशी आहे. 'डिड' आला की पुढे 'सेंट' नाही, 'सेंड'. भूतकाळ वाक्यात एकदाच दाखवायचा असतो, तो 'डिड'ने दाखवला की मुख्य क्रियापद मोकळं, मूळ रूपात राहतं. 'डिड यू सेंड द मेल' असं विचारताना तुम्ही बरोबर 'सेंड'च म्हणत असाल, कारण ते शाळेत घोटून घेतलेलं असतं. जोर देणाऱ्या वाक्यात तोच नियम आहे, फक्त तिथे घोटून घेतलेलं नसतं म्हणून जीभ घसरते. 'डझ'चंही तसंच, 'शी डझ वर्क' बरोबर, 'शी डझ वर्क्स' चूक, तो 'स' एकदा 'डझ'मध्ये गेला की संपला.

आता मिस्टरांचं. त्यांना दोष देऊ नका, आपल्याकडे शिकवलंच तसं जातं. मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधीचे आपण सगळे पाचवीत एबीसीडी गिरवलेले, आणि तिथून पुढे सगळा जोर वाक्य बदलण्यावर, साध्या वाक्याचा प्रश्न करा, होकाराचा नकार करा, आणि त्यात डू-डिड यायचे. तेव्हा डोक्यात हेच बसलं की हे शब्द या दोनच कामांना. खरं तर इंग्रजी व्याकरणवाले सहायक क्रियापदांची, म्हणजे डू, इज, हॅव, कॅन अशा मदतनीस शब्दांची, चार कामं मोजतात आणि लक्षात राहावं म्हणून त्या कामांच्या इंग्रजी नावांच्या पहिल्या अक्षरांचा 'नाइस' असा शब्द करतात. नकार हे पहिलं. प्रश्नात कर्त्याच्या आधी येणं हे दुसरं. 'येस, आय डिड' किंवा 'सो डू आय' अशा तुटक उत्तरात अख्ख्या क्रियापदाच्या जागी उभं राहणं हे तिसरं. आणि चौथं जोर देणं. मिस्टरांना म्हणावं, चारातले दोन तुम्हाला पाठ आहेत, तिसरा तुम्ही रोज वापरता पण मोजत नाही, आणि चौथ्यावरून घरात वाद चाललाय.

मग हा चौथा कधी वापरायचा? माझं साधं मोजमाप असं आहे, की समोर कुठेतरी एक 'नाही' असलं पाहिजे. कुणी स्पष्ट म्हटलेलं, किंवा कुणाच्या मनात असेल असं तुम्हाला वाटणारं, किंवा आधीच्या वाक्यातून आपसूक निघणारं. ते 'नाही' खोडायला इंग्रजीत 'डू' येतो. नाही कुठेच नसेल तर डू लावायचा नाही, बस.

म्हणजे बघा, तुम्ही व्हेंडरला पहिल्यांदाच कळवताय की पैसे पाठवलेत, तेव्हा 'वी सेंट द पेमेंट'. सरळ बातमी. त्याने उलट लिहिलं की मिळालं नाही, तेव्हा 'वी डिड सेंड इट'. कुणी म्हटलेलं नसलं तरी वाक्यातच उलटी अपेक्षा असते तेव्हाही चालतं. 'द अमाउंट इज स्मॉल, बट इट डझ मॅटर', रक्कम छोटी आहे म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटणार सोडून द्या म्हणतायत, ते 'डझ' अडवतं. किंवा बरेच महिने तगादा लावून शेवटी पैसे आले की 'इन द एंड दे डिड पे'. आपण म्हणतो ना, 'दिले बाबा शेवटी, दिलेच!'

इथे मराठीचा फार उपयोग होतो आणि तिथेच आपण अडकतोही. आपल्याकडे 'च' आहे, तो आपण हव्या त्या शब्दाला चिकटवतो. 'मीच पाठवले', 'डिटेल्सच पाठवले', 'कालच पाठवले', प्रत्येकाचा अर्थ वेगळा. इंग्रजीत असा चिकटवायला शब्द नाही, तिथे हे सगळं आवाजाने करतात, 'आय सेंट देम' मध्ये 'आय' जोरात म्हटला की झालं 'मीच'. आणि जेव्हा शंका नक्की पाठवले की नाही याचीच असते, तेव्हा आपण 'पाठवलेत की!' किंवा 'अहो पाठवलेत ना!' म्हणतो. हा जो 'की' आणि 'ना' आहे, त्याच्या जागी इंग्रजीत 'डिड' बसतो. म्हणून मनात मराठी वाक्य म्हणून बघायचं, तिथे शेवटी 'की' किंवा 'ना' आपोआप आला तर इंग्रजीत डू-डझ-डिड लावा, 'च' कर्त्याला किंवा तारखेला लागला तर डिडचा काही संबंध नाही.

पण आपण काय करतो, 'च' दिसला की 'ओन्ली' लावून मोकळे. 'कालच पाठवलं' चं 'आय सेंट इट यस्टरडे ओन्ली'. हे भारतात सगळे समजतात, तुमच्या सातपूरच्या व्हेंडरला काही वाटणार नाही, पण बाहेरच्या क्लायंटला ते विचित्र वाटतं आणि कधीकधी अर्थच बदलतो. 'मीच पाठवलं' म्हणून 'आय ओन्ली सेंट इट' लिहिलं की तो वाचणार 'मी फक्त पाठवलं, बाकी काही केलं नाही', म्हणजे तुम्ही जबाबदारी घेताय आणि त्याला वाटतंय तुम्ही हात झटकताय. त्यापेक्षा 'इट वॉज मी हू सेंट इट' किंवा नुसतं 'आय सेंट इट मायसेल्फ'. कालचं असेल तर 'आय सेंट इट जस्ट यस्टरडे'.

आता एक मोठा खड्डा. डू-डझ-डिड फक्त तिथेच येतात जिथे वाक्यात आधीच दुसरं सहायक क्रियापद नाही, म्हणजे साधा वर्तमान आणि साधा भूतकाळ. वाक्यात 'ॲम, इज, आर, वॉज' असेल, 'सेंट'च्या आधी 'हॅव' असेल, 'कॅन, विल, शुड' असेल, तर वेगळा डू आणायचा नाही, जे आहे त्याच्यावरच जोर टाकायचा. 'वी डू आर वर्किंग ऑन इट' हे मी खरोखर लोकांच्या मेलमध्ये बघते, 'आय डू हॅव सेंट' पण बघते, दोन्ही चूक. 'वी आर वर्किंग ऑन इट', 'आय हॅव सेंट इट', आणि बोलताना तो 'आर' किंवा 'हॅव' दाबून म्हणायचा. पण 'आय डू हॅव द रिसीट' हे मात्र बरोबर, कारण तिथे 'हॅव' म्हणजे पावती जवळ असणं, तेच मुख्य क्रियापद आहे, कुणाचं सहायक नाही. हा फरक एकदा डोक्यात गेला की अर्ध्या चुका तिथेच थांबतात.

आणि जोर द्यायचा असेल तर शब्द आखडायचा नाही. 'आयम लिसनिंग' म्हणजे ऐकतेय. 'तुझं लक्ष नाहीये' यावर उत्तर द्यायचं तर 'आय ॲम लिसनिंग', अख्खा 'ॲम'. म्हणूनच 'आर यू कमिंग' ला 'येस, आय ॲम' म्हणतात, 'येस, आयम' कुणी इंग्रज म्हणणार नाही, सहायक क्रियापद शेवटी एकटं राहिलं की त्याला आखडताच येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ऑफिसच्या मेलमध्ये तसेही आपण 'आय ॲम', 'वी हॅव' असं पूर्णच लिहितो, त्यामुळे तिथे नुसत्या पूर्ण शब्दाने जोर दिसत नाही. 'डिड' मात्र लिखाणातही दिसतो, कारण तो लिहायची एरवी गरजच नसते. म्हणून तर तुमच्या साहेबांच्या डोळ्यात तो लगेच भरला.

तुमच्या ज्युनिअरकडे येते. 'वी डू अंडरस्टँड' हे ठीक आहे, कारण चिडून फोन केलेल्या माणसाला वाटतच असतं की यांना माझं काही पडलेलं नाही, म्हणजे न बोललेलं 'नाही' तिथे आहे. 'आय डू अपॉलजाइझ' पण छान, मनापासून वाटतं, फक्त दर वाक्याला म्हणू नये. पण 'वी डू चेक', 'वी डू प्रोसेस' कशाला? कुणी म्हटलंय का तुम्ही चेक करत नाही म्हणून? कॉल सेंटर, बँक, हॉटेल, सगळीकडे हा रिकामा डू ऐकू येतो, 'वी डू हॅव पार्किंग, वी डू ॲक्सेप्ट कार्ड्स'. माझा अंदाज असा की लोकांना तो जास्त इंग्रजी, जास्त अदबीचा वाटतो. ऐकणाऱ्याला मात्र उगाच शंका येते की आधी कुणीतरी कार्ड घेत नाही अशी तक्रार केलेली दिसते.

गंमत म्हणजे हा रिकामा डू काही आपला शोध नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो सर्रास होता, शेक्सपिअरच्या काळात किंवा १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये साध्या वाक्यात जोर नसतानाही डू-डिड येतात, कधी नुसती ओळीची लय जमावी म्हणूनही. पुढे तो गळत गेला. सॅम्युअल जॉन्सनची डिक्शनरी १७५५ ची, तिच्या सुरुवातीला जोडलेल्या व्याकरणात त्याने 'आय लव्ह' पुरे असताना 'आय डू लव्ह' म्हणणं जास्तीचं आहे आणि असं बोलणं सदोष मानलं जातं असं लिहून ठेवलंय. म्हणजे तुमच्या ज्युनिअरला रागवायचंच असेल तर तुमच्या पाठीशी बराच जुना माणूस आहे.

कोर्टकचेरीत मात्र तो जुना डू अजून टिकून आहे. तुम्ही कधी इंग्रजीतून प्रतिज्ञापत्र केलं असेल तर त्यात 'डू हिअरबाय सॉलेम्नली अफर्म' असतं. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, आमदार, खासदार यांच्या शपथा आहेत, त्यांच्या इंग्रजी पाठातही 'डू स्वेअर इन द नेम ऑफ गॉड' आहे, मराठीत आपण ज्याला ईश्वरसाक्ष शपथ घेतो की म्हणतो ते. तिथे कुणी मंत्र्याला 'तुम्ही शपथ घेत नाही' असं म्हटलेलं नसतं, ती नुसती जुनी औपचारिक धाटणी आहे. ती शपथेत शोभते, इन्व्हॉइसच्या मेलमध्ये नाही. (आणि लग्नातलं 'आय डू', ते जोर देणं नाहीच, ते 'डू यू टेक' चं तुटक उत्तर आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये प्रश्नच 'विल यू' असा असतो म्हणून तिथे नवरा-नवरी 'आय विल' म्हणतात. हे मिस्टरांना सांगा, पुढच्या वादात उपयोगी पडेल.)

आता साहेबांचा दुसरा मुद्दा, भांडल्यासारखं वाटण्याचा. हा ग्रामरचा प्रश्न नाही, पण मला विचाराल तर पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. 'डिड' समोरच्याचं म्हणणं खोडतो, तर खोडल्यावर तुम्ही त्याला तसंच उभं ठेवता की पुढे काही देता, यावर सगळं आहे. तुमचं वाक्य एकटंच होतं, 'वी डिड सेंड द डिटेल्स लास्ट वीक', पूर्णविराम, रिगार्ड्स. हे मराठीत 'पाठवलेत की आम्ही गेल्या आठवड्यात' असं म्हणून फोन ठेवून देण्यासारखं झालं. त्याच वाक्यापुढे 'आय ॲम अटॅचिंग द मेल अगेन, प्लीज चेक युअर स्पॅम फोल्डर वन्स' एवढं आलं असतं तर साहेबांच्या लक्षातही आलं नसतं. आणि ज्या तारखेला पाठवलं ती तारीख लिहायची. 'लास्ट वीक' मोघम आहे, तारीख आणि यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या ट्रान्सफरला दिलेला नंबर, समोर असला की 'डिड'चा आवाज आपोआप खाली येतो, कारण आता वाद तुमच्यात आणि त्याच्यात राहत नाही, बँकेच्या नोंदीवर जातो.

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं: 'थँक यू फॉर युअर मेल. वी डिड सेंड द डिटेल्स ऑन फिफ्थ जून, बट इट सीम्स द मेल डिड नॉट रीच यू. आय ॲम अटॅचिंग इट अगेन.' तुमची खरी तारीख टाका अर्थात. यात आम्ही पाठवलं हे ठाम आहे, आणि मिळालं नाही हे तुमचंही खरं असेल असंही आहे, कुणालाच खोटं पाडलं नाही. चूक तुमच्याकडूनही झालेली असण्याची शक्यता असेल, म्हणजे आयडीच चुकीचा पडला असेल वगैरे, तर मात्र आधी सेंट फोल्डर उघडून बघा आणि मगच डिड लिहा. डिड लिहून नंतर माघार घेणं फार वाईट दिसतं.

आणि एक वाक्य वरिष्ठांना कधीच लिहू नका, 'आय डिड टेल यू'. ग्रामर एकदम शुद्ध, पण अर्थ 'मी सांगितलं होतं ना!' असा थेट जातो, सासूबाईंना सुद्धा आपण हे फार विचार करून म्हणतो. त्याऐवजी 'ॲज आय मेन्शन्ड इन माय मेल ऑफ मंडे' पुरतं. व्हेंडरला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच सांगायची वेळ आली तर मात्र डिड खुशाल वापरा, भीडभाड नको. आणि जोर दाखवायला शब्द कॅपिटलमध्ये टाइप करू नका, तो ओरडण्यासारखा दिसतो, बोल्डही नको.

फोनवर बोलताना वेगळीच अडचण येते. आपण जोर आवाजापेक्षा 'च', 'की', 'ना', 'तर' वर टाकतो, त्यामुळे इंग्रजी बोलताना सगळे शब्द एकाच उंचीवर येतात आणि 'वी डिड सेंड इट' हे कवितेतल्या ओळीसारखं सपाट येतं, समोरच्याला डिड ऐकूच येत नाही. तो शब्द वर चढला पाहिजे, किंचित लांबला पाहिजे, आणि पुढचं 'सेंड इट' खाली पडलं पाहिजे. घरी कुणालातरी 'यू डिडन्ट सेंड इट' म्हणायला लावा आणि तुम्ही उत्तर द्या, फोनवर रेकॉर्ड करून ऐका, आपलाच आवाज ऐकून थोडी लाज वाटेल पण लगेच कळतं कुठे सपाट जातंय. मिस्टर तयार असतीलच, त्यांना नकारातला डिड येतो. आणि बोलताना बहुतेक वेळा अख्ख्या वाक्याची गरजही नसते, 'नो नो, वी डिड' एवढंच म्हणून पुढे तारीख सांगितली की काम होतं.

पत्राखाली ता. क. म्हणून तुम्ही विचारलंय की नणंदेच्या बुटीकच्या पाटीवर 'डू व्हिजिट अगेन' लिहिलंय ते चूक आहे का, मिस्टरांनी तिलाही छेडलंय म्हणे. अजिबात चूक नाही. आज्ञेच्या वाक्याला लावलेला डू आग्रह करतो, 'डू सिट डाउन' म्हणजे बसा ना, 'डू लेट मी नो' म्हणजे नक्की कळवा, थोडं ब्रिटिश वळणाचं आहे पण आपल्याकडे छान रुळलंय. आणि मजा म्हणजे एरवी 'बी'ला डू कधीच लागत नाही, पण इथे लागतो, 'डू बी केअरफुल' एकदम बरोबर. 'प्लीज डू द नीडफुल' मधला डू मात्र यातला नाही, तो साधा 'करा' या अर्थाचा आहे, त्यावर वेगळं पत्र पाठवा. पाटी आहे तशी राहू दे, रंगवणाऱ्याला परत बोलावू नका.